हेलिऑप्सिसचं नवं वाण: परसबागेतल्या नवख्या पैदासकारांसाठी

इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या भागात राहणाऱ्या आणि मागच्या अंगणात थोडी मोकळी जागा असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. फुलझाडाचं नवं वाण काढणं म्हणजे विद्यापीठाचं नाहीतर बड्या कंपनीचं काम, असं आपण धरून चालतो. हेलिऑप्सिस या पिवळ्या रानफुलाच्या बाबतीत हे खरं नाही. पांढऱ्या पानांवर हिरव्या शिरांचं जाळं असलेलं ‘लोरेन सनशाईन’ हे प्रसिद्ध वाण विस्कॉन्सिनमधल्या एका घरच्या बागेत सापडलं होतं. या झाडावर माणसाचा हात तसा कमीच फिरला आहे. गुलाब किंवा डेलियासारखी शेकडो वर्षांची गुंतागुंत त्यात नाही, त्यामुळे नवख्या माणसाला अजून जागा आहे.

मात्र एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची सगळी कृती तिच्यावर उभी आहे: फूल शेवटी बघा. पिवळ्या रंगाच्या शंभर फुलांत नव्वद सारखीच दिसणार. वाण टिकतं ते देठाच्या ताकदीवर, पानांच्या आरोग्यावर आणि हिवाळ्यानंतर झाड किती जोमाने उठतं यावर.

झाडाची ओळख

शास्त्रीय नाव हेलिऑप्सिस हेलिअँथॉइडिस. इथल्या रोपवाटिकांत फॉल्स सनफ्लॉवर किंवा ऑक्स-आय या नावाने मिळतं. उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातलं हे मूळचं रानफूल. प्रेअरीत, रानाच्या कडेला, रेल्वेलाइनच्या बाजूला उगवतं. पानं समोरासमोर, दातेरी कडांची, हाताला खरखरीत. उंची साधारण एक ते दीड मीटर. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत फुलतं. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि वसंतात मुळांतून नवे कोंब येतात. यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकी कृषी खात्याच्या, थंडीच्या नकाशावरच्या झोन 3 पर्यंत, म्हणजे उणे 40 अंश सेल्सिअसच्या थंडीतही ते तग धरतं.

खऱ्या सूर्यफुलाशी याचा संकर होत नाही. कुल एक, पण प्रजाती वेगळी: सूर्यफुलात 34 गुणसूत्रं, हेलिऑप्सिसमध्ये 28. तेव्हा शेजाऱ्याच्या सूर्यफुलांची काळजी नको. शेजाऱ्याकडे हेलिऑप्सिसच असेल तर मात्र आहे, कारण मधमाश्या कुंपण मानत नाहीत.

काय हवंय ते एका वाक्यात लिहा

‘काहीतरी छान’ हे उद्दिष्ट नव्हे. ते धरून निघालात तर प्रत्येक रोप ठेवावंसं वाटेल आणि चौथ्या वर्षी अंगणात पाय ठेवायला जागा उरणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा, त्यात जास्तीत जास्त तीन गुण. माझं वाक्य असं आहे: साठ-सत्तर सेंटिमीटर उंचीचं, भुरी (पानांवर पांढरी भुकटी धरणारा बुरशीचा रोग) न पडणारं, दसऱ्यापर्यंत फुलणारं.

तिसऱ्या गुणाचं कारण अगदी घरगुती आहे. गौरी-गणपतीत इथे झेंडू मिळाला तरी महाग पडतो. हेलिऑप्सिस मात्र तेव्हा अंगणात फुललेलं असतं आणि फुलदाणीतही चांगलं टिकतं. पण नवरात्र येईतो बहुतेक झाडं दमून बसतात. दसरा क्वचित सप्टेंबरच्या अखेरीस, एरवी ऑक्टोबरात येतो, आणि शिकागोच्या उपनगरांत पहिलं दहिवर साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर पडतं. मधली ती खिडकी भरून काढणारं वाण हवं. तुमचं वाक्य वेगळं असेल. कुणाला काळपट जांभळी पानं हवी असतील, कुणाला दुहेरी पाकळ्या, कुणाला बाल्कनीतल्या कुंडीत मावणारं झाड.

याच पानावर आणखी एक निर्णय लिहून टाका: वाण कशापासून वाढवणार, बियांपासून की छाटकलमांपासून, म्हणजे झाडाचे कोंब कापून त्यांना मुळं फोडून? बियांपासून वाढणाऱ्या वाणात प्रत्येक रोप जवळपास सारखं यावं लागतं आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. छाटकलमांच्या वाणाला एकच अप्रतिम रोप सापडलं तरी पुरतं, कारण पुढची सगळी त्याचीच प्रतिरूपं. अंगणातल्या माणसाने दुसरा रस्ता धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आईबाप निवडणं

चार ते सहा वेगवेगळी झाडं पुरतात. बाजारात काय मिळतं त्याचा अंदाज येण्यापुरती नावं देते. ‘समर सन’ हे जुनं, भरवशाचं, बियांपासून येणारं उंच वाण. ‘टस्कन सन’ बुटकं आणि भरगच्च. ‘असाही’ दुहेरी पाकळ्यांचं. ‘समर नाइट्स’चे देठ काळपट तांबडे आणि फुलाचा मध्य लालसर. ‘प्रेअरी सनसेट’ उंच, जांभळट देठांचं. जर्मनीतल्या येलिट्टो या बियाणे कंपनीच्या ‘ब्लीडिंग हार्ट्स’ची पानं काळसर आणि फुलं शेंदरी-लाल उमलतात, मग जुनी होता होता तपकिरी-नारिंगी होत जातात. हेलिऑप्सिसच्या पैदाशीत जर्मन माणसांचा हात मोठा आहे. पोट्सडामजवळच्या बोर्निममध्ये कार्ल फोर्स्टर (1874–1970) यांनी बहुवर्षायू फुलझाडांवर आयुष्य घालवलं, त्यात हे अमेरिकी रानफूलही होतं.

यांच्या जोडीला तुमच्याच भागातल्या बियांपासून वाढवलेलं एखादं रानटी रोप घ्या. दिसायला ते साधंच असेल. पण इथली चिकणमाती, इथला उन्हाळा आणि इथली भुरी पचवणारं रक्त त्याच्यात असतं. देशी झाडांच्या रोपवाटिका असं बियाणं विकतात. फॉरेस्ट प्रिझर्व्हमधून किंवा जपलेल्या प्रेअरीतून बी तोडून आणू नका. बहुतेक ठिकाणी त्याला मनाई आहे, आणि नसती तरी ते त्या जागेचं आहे.

रोप विकत घेताना टॅग नीट वाचा. त्यावर ‘पीपी’ आणि पुढे आकडा असेल तर ते प्लँट पेटंटखाली आहे. अमेरिकेत हा कायदा 1930चा. अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं त्या वाणाची छाटकलमं करायला किंवा गड्डा फोडून रोपं वाढवायला परवानगी लागते. बियांचा मामला वेगळा, कारण प्लँट पेटंटचं संरक्षण शाकीय अभिवृद्धीपुरतं, म्हणजे बियांशिवाय केलेल्या वाढीपुरतं असतं. तरी काही विक्रेते विक्रीच्या अटींतच पैदाशीला मज्जाव करतात, तेव्हा बारीक अक्षरं वाचून घ्या.

पहिला उन्हाळा फक्त ही झाडं बघण्यात घालवा. संकराची घाई नको. ऑगस्टमध्ये कुणाच्या पानांवर पांढरी भुकटी येते, वादळी पावसानंतर कोण आडवं होतं, कुणाच्या शेंड्यावर लाल मावा (रस शोषणारे बारीक किडे) दाटतो, हे टिपा. हेलिऑप्सिसवर हा तांबडा मावा हमखास येतो. लेडीबर्डच्या अळ्या त्याचा समाचार घेतात, आपण मध्ये पडायचं कारण नाही.

फूल उघडून बघा

संकर करण्याआधी एक फूल तोडून स्वयंपाकाच्या ओट्यावर उभं चिरा आणि भिंग घेऊन बसा. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर स्तबक आहे, म्हणजे अनेक बारक्या फुलांचा एक फुलोरा. कडेच्या प्रत्येक ‘पाकळी’च्या बुडाशी एक पूर्ण पुष्पक असतं, त्याला किरणपुष्पक म्हणतात. मधल्या चकतीत डझनावारी बिंबपुष्पकं दाटीने बसलेली असतात.

खऱ्या सूर्यफुलाची किरणपुष्पकं वांझ असतात. हेलिऑप्सिसची मादी असतात आणि त्यांना बी धरतं. त्यांच्यात पुंकेसरच नसतात. बिंबपुष्पकं द्विलिंगी: आधी नर, मग मादी. त्यांचे परागकोश एकमेकांना चिकटून नळी झालेली असते. आतून कुक्षीवृंत, म्हणजे मादी भागाची दांडी, वर सरकतो आणि दट्ट्याने ढकलावा तसा पराग बाहेर लोटतो. नंतर त्याच वृंताच्या टोकाला बेचकीसारखी दोन टोकं उलगडतात, ती कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग. उमलण्याचा क्रम कडेकडून मध्याकडे, रोज एखाद-दोन वेढे. म्हणून एकाच स्तबकात बाहेरच्या वेढ्यात उलगडलेल्या कुक्षी, मधल्या वेढ्यात ताजा पराग आणि अगदी मध्यात मिटलेल्या कळ्या एका वेळी दिसतात.

एवढं डोळ्यांनी पाहिलंत की संकराची अर्धी भीती जाते.

आधी पिशवीची परीक्षा

सूर्यफूल कुलातल्या पुष्कळ रानटी झाडांना स्वतःचा पराग स्वतःला लागत नाही. तुमच्या झाडांचं काय आहे ते ठरवायला एक सोपी परीक्षा आहे. प्रत्येक झाडाच्या तीन-चार कळ्यांना पिवळेपणा दिसू लागताच ऑर्गंझाची जाळीदार पिशवी बांधा. लग्नात बदाम-खडीसाखर भरून देतात ना, तीच. पिशवी अधूनमधून हलकेच चोळा म्हणजे आतला पराग आतच फिरेल. पाच-सहा आठवड्यांनी उघडून बघा. भरलेलं बी काळपट, टणक असतं आणि नखांत दाबलं तर दबत नाही. पोकळ बी फिकट आणि चपटं. सगळी पोकळ निघाली तर ते झाड स्वतःला फळत नाही.

याचे दोन परिणाम होतात. चांगला परिणाम असा की संकर करताना पुंकेसर काढत बसायची गरज नाही. दुसऱ्या झाडाचा पराग लावला की जे बी धरेल ते संकराचंच. अडचणीचा परिणाम असा की एकाच वाणाची दोन रोपं शेजारी लावली तरी बी धरणार नाही, कारण ती दोन दिसली तरी झाड एकच. सख्ख्या भावंडांतही काही जोड्या जमत नाहीत, कारण नकार देणारी जनुकं त्यांच्यात सामाईक असतात. म्हणून भावंडांचा संकर करायचा झाला तर एकाच जोडीवर भिस्त ठेवू नका. पाच-सहा जोड्या लावा.

संकर: हाताने, सकाळी

दोन्ही झाडांच्या कळ्यांना उमलण्याआधी पिशव्या बांधा. एकाला बांधून दुसरं उघडं ठेवलंत तर माशीने कुठला पराग आणला हे कळायचं नाही.

दंव वाळलं की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास काम करा. बापाचं स्तबक तोडा, पिशवी काढा आणि आईच्या स्तबकावर हलकेच, गोल फिरवत घासा. रंगकामाचा बारीक ब्रशही चालतो, पण मला स्तबकावर स्तबक घासणं जास्त भरवशाचं वाटतं. आईची पिशवी लगेच परत बांधा. आईची बिंबपुष्पकं वेढ्यावेढ्याने उमलतात म्हणून एक दिवसाआड तीन-चारदा हेच करा. वेगळ्या बापाकडे वळताना हात आणि ब्रश अल्कोहोलने पुसा.

पिशवीच्या परीक्षेत झाड स्वतःला फळतं असं निघालं असेल, किंवा बी शंभर टक्के संकराचंच हवं असेल, तर किरणपुष्पकांचा उपयोग करा. कडेची किरणपुष्पकं उलगडली आणि मधली बिंबपुष्पकं अजून मिटलेली आहेत अशा वेळी चिमट्याने सगळी बिंबपुष्पकं उपटून टाका. उरतात फक्त माद्या. त्यांच्या कुक्षींना बापाचा पराग लावा. काम किचकट आहे आणि एका स्तबकातून जेमतेम दहा-पंधरा बिया मिळतात. पण त्या बियांच्या बापाबद्दल शंका उरत नाही. पांढऱ्या पानांच्या वाणावर काम करणाऱ्यांनी तर हीच पद्धत वापरावी आणि संकर दोन्ही बाजूंनी करावा, एकदा पांढरं आई आणि हिरवं बाप, एकदा उलट. पांढरेपणा फक्त आईकडूनच उतरतो असं दिसलं तर त्याचं मूळ हरितलवकांत (पानांना हिरवा रंग देणाऱ्या, पेशींतल्या बारीक कणांत) आहे असं समजा. मग असं झाड बाप म्हणून वापरून काही हाती लागणार नाही.

देठाला चिठ्ठी लगेच बांधा. आईचं नाव आधी, मग गुणिलेची खूण, मग बापाचं नाव आणि तारीख. पेन्सिलने लिहा. मार्करची शाई उन्हात उडते.

बी धरणं, पेरणं

चार-पाच आठवड्यांत स्तबक तपकिरी होतं. पाकळ्या गळून न पडता कागदासारख्या होऊन तिथेच राहतात. पिशवी शेवटपर्यंत राहू द्या, कारण गोल्डफिंच पक्ष्यांना हे बी फार आवडतं आणि ते चिठ्ठी वाचत नाहीत. कोरड्या दिवशी तोडा, कागदी पाकिटात आठवडा-दोन आठवडे घरात वाळवा, मग काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा.

पेरणीची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन. मधून आडवे कापा, बुडाला भोकं पाडा, चार इंच माती भरा, बी पेरून पाव इंच माती पसरा. वरचा भाग टेपने चिकटवा, झाकण काढून टाका आणि डिसेंबर-जानेवारीत कॅन बाहेर बर्फात ठेवून द्या. थंडी-ओल आपोआप मिळते आणि एप्रिलमध्ये कोंब येतात. घाई असेल तर ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये महिनाभर ठेवा आणि नंतर 20 अंशांच्या आसपास घरात पेरा. एक ते तीन आठवड्यांत उगवतं. लवकर पेरलेली काही रोपं पहिल्याच वर्षी फुलतातही.

काळसर पानांच्या बापाचा संकर असेल तर रोपं बोटभर असतानाच नीट बघा. हिरव्या आईच्या रोपांत जांभळी झाक दिसली तर संकर लागल्याची ती पहिली खूण.

किती रोपं लावायची

इथे थोडं गणित आहे, पण घाबरू नका.

तुमची झाडं आधीच मिश्र रक्ताची आहेत, त्यामुळे पहिल्याच पिढीत बरीच विविधता दिसेल. कधी हवं ते रोप तिथेच सापडतं. पण हवा असलेला गुण अप्रभावी असला, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा असला, तर पहिल्या पिढीत तो दडून बसतो. अशा वेळी पहिल्या पिढीतल्या भावंडांचा आपसात संकर करून दुसरी पिढी घ्यावी लागते. एका जनुकाचा असा गुण दुसऱ्या पिढीत चारात एका रोपात दिसतो. ते एक रोप हाती लागण्याची खात्री 95 टक्के हवी तर निदान 11 रोपं वाढवावी लागतात. असे दोन गुण एकाच रोपात हवे असतील तर प्रमाण सोळात एक, आणि रोपं 47. तीन गुण म्हटलं की चौसष्टात एक, रोपं 191.

पहिल्या पानावर तीनपेक्षा जास्त गुण लिहू नका असं म्हटलं ते याच आकड्यांमुळे. शंभर रोपं दीड-दीड फुटावर लावली तर साधारण सव्वादोनशे चौरस फूट जागा लागते. हे अंगणात जमतं. दोनशेला घरच्यांची परवानगी लागेल.

लाड करू नका

या टप्प्यावर चांगला बागायतदार वाईट पैदासकार ठरतो. रोप वाकलं की टेकू द्यावासा वाटतो, भुरी दिसली की फवारावंसं वाटतं, पान पिवळं पडलं की खत. यातलं काहीही करू नका. टेकू दिला तर देठ कमकुवत आहे हे कळणार नाही. फवारलं तर भुरी कुणाला पडत नाही हे कळणार नाही. जास्त नत्राने सगळीच झाडं उंच आणि लुसलुशीत होतात आणि फरक झाकला जातो. शेंडेही खुडू नका. खुडून बुटकं केलेलं झाड आणि जन्मतः बुटकं झाड यांतला फरक बघायलाच तर बसलो आहोत. लावणीनंतर मुळं धरेपर्यंत पाणी द्या, तण काढा, सुरुवातीला सशांपासून जाळी लावा. बस.

ओळीत दर दहा रोपांमागे एक ‘समर सन’ लावा. तुलनेला ओळखीचं झाड शेजारी नसलं तर प्रत्येक नवं रोप सुंदर वाटतं.

नोंदींसाठी एक तक्ता करा: कोंब कधी आले, पहिलं फूल कधी, शेवटचं कधी, फुलताना उंची किती, वादळानंतर देठ किती वाकले, ऑगस्टअखेर खालच्या पानांवर भुरी किती. वाकणं आणि भुरी यांना एक ते पाच गुण द्या आणि दरवेळी एकाच माणसाने द्या. नवरा-बायकोने निम्मे-निम्मे दिले की तक्ता निकामी झालाच म्हणून समजा. फुलाचा व्यास आणि रंग शेवटच्या रकान्यात. लाल रंगाच्या मागे असाल तर फूल उमलल्याच्या दिवशी आणि आठवड्याने, अशा दोन नोंदी करा. कडक उन्हात तो रंग उतरतो, आणि ज्याचा कमी उतरतो ते रोप मोलाचं.

उपटणं

पहिली छाटणी कॅनमध्येच करा: वेडीवाकडी, खुरटलेली, पानांवर विषाणूसारखे चट्टे असलेली रोपं टाकून द्या. दुसरी ऑगस्टमध्ये. भुरीने माखलेली आणि आडवी झालेली झाडं फूल कितीही देखणं असलं तरी काढा. तिसरी निसर्ग करतो, हिवाळ्यात. शिकागोजवळ निव्वळ थंडीने हेलिऑप्सिस क्वचितच मरतं. मरतं ते चिकणमातीत वसंतात साचलेल्या पाण्याने. म्हणून चाचणीचा एक वाफा मुद्दाम सखल जागी ठेवा. तिथे दोन हिवाळे काढलेलं झाड कुठेही राहील.

बहुवर्षायू झाडाचा खरा आकार तिसऱ्या उन्हाळ्यात दिसतो. पहिल्या वर्षी गोंडस वाटलेलं बुटकं रोप तिसऱ्या वर्षी छातीला लागतं, असं सर्रास होतं. शेवटचा निवाडा तोवर राखून ठेवा. शंभरातून तीन उरली तरी भरपूर.

उपटलेली झाडं मैत्रिणींना वाटण्याचा मोह होतो. वाटू नका. ती त्यांच्या अंगणात फुलतील, माश्या पराग आणतील, आणि वर तुमच्या वाणाच्या नावाखाली भलतंच झाड फिरू लागेल. कंपोस्टमध्ये टाका, आणि बी धरायच्या आत टाका. जपलेल्या प्रेअरीजवळ राहत असाल तर हे आणखी कटाक्षाने, कारण तिथल्या रानटी हेलिऑप्सिसमध्ये आपला पराग मिसळायला नको.

निवडलेलं झाड वाढवणं

वसंतात बुडाशी कोंब तीन-चार इंचांचे झाले की बुडाच्या थोड्या भागासकट कापा, खालची पानं काढा, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) मिसळलेल्या ओलसर मातीत खोचा आणि वर पारदर्शक झाकण घाला. साधारण तीन आठवड्यांत मुळं फुटतात. गड्डा फोडायचा असेल तर तोही याच दिवसांत.

या प्रतिरूपांची वेगवेगळ्या हवेत परीक्षा घ्यायला आपल्याकडे आयती सोय आहे. मिनियापोलिस, टोरांटो, डॅलस, सगळीकडे महाराष्ट्र मंडळं आहेत आणि तिथल्या कुणा ना कुणाला बागेचं वेड असतंच. प्रत्येक ठिकाणी तीन-तीन रोपं द्या, दोन वर्षं नोंदी मागा. रोपं सीमेपलीकडे कॅनडात जाणार असतील तर वनस्पती-आरोग्याचे कागद लागतात. आणि पेटंट घ्यायचा विचार असेल तर रोपं देण्याआधी ‘वाढवणार नाही, इतर कुणाला देणार नाही’ असं लेखी घ्या. अमेरिकेत वाण विक्रीला काढल्यापासून किंवा जाहीर केल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नातेवाइकांकडून असं लिहून घेणं अवघड वाटतं, पण वकिलाची फी त्याहून अवघड असते. त्या खर्चाचा विचार करता बहुतेक घरगुती पैदासकारांनी पेटंटच्या नादी न लागता एखाद्या लहान रोपवाटिकेशी बोलावं, असं मला वाटतं.

नाव ठेवताना आंतरराष्ट्रीय नियम पाळा. 1 जानेवारी 1959 नंतरच्या वाणाचं नाव लॅटिन चालत नाही. ते एकेरी अवतरणचिन्हात लिहितात आणि हेलिऑप्सिसमध्ये आधी कुणी वापरलेलं नसावं लागतं. मराठी नावाला कसलीच आडकाठी नाही. रोमन लिपीत सुटसुटीत वाचता येईल आणि इथल्या माणसाला उच्चारता येईल असं बघा.

भारतात जाताना हे बी बॅगेत टाकू नका. आयातीचा परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसलेलं बी विमानतळावर जप्त होऊ शकतं. शिवाय सूर्यफूल कुलातली परदेशी पिवळी फुलं सह्याद्रीत आधीच हवी त्याहून जास्त पसरली आहेत.

एवढ्या सगळ्याला वेळ किती? पहिल्या पिढीतच मनासारखं रोप मिळालं तर पाच-सहा वर्षं, दुसऱ्या पिढीत जावं लागलं तर आठ-नऊ. तोवर मूळ आईबापांची झाडं मोडू नका, कारण तोच संकर पुन्हा करावासा वाटण्याची वेळ हटकून येते. आणि निवडलेल्या झाडाचे निदान दोन गड्डे दोन वेगळ्या वाफ्यांत ठेवा. बर्फाखाली उंदीर एका रात्रीत मुळं कुरतडून जातात आणि ते नेमकं कुठलं झाड निवडतील याचा नेम नसतो.